वेव्ह सोल्डरिंग मशीनची साफसफाई : तापमान वाढवण्याआधी काय बघायचं

बोर्डावर शॉर्ट, म्हणजे दोन पायांमध्ये नको तिथे सोल्डरचे जोड, वाढले किंवा भोकातून सोल्डर वर चढेना, की लाइनवरून पहिला प्रश्न येतो तो हाच : "सर, पॉटचं टेंपरेचर पाचनं वाढवू का?" पॉट म्हणजे वितळलेल्या सोल्डरचं भांडं. त्याचं तापमान वाढवलं की तासभर बरं चालतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा शॉर्ट, पुन्हा पाच. बघता बघता २५० चा पॉट २६५ वर जातो, ड्रॉसचा, म्हणजे सोल्डरवर साचणाऱ्या मळीचा, डबा दुपटीनं भरायला लागतो आणि शॉर्ट होते तिथेच राहतात. सोलापुरात चिंचोळीला काय किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत काय, जिथे मोटार स्टार्टर, स्टॅबिलायझर, एलईडी ड्रायव्हर असले बोर्ड बनतात तिथल्या कुणालाही हे नवीन नाही. वेव्ह सोल्डरिंगच्या निम्म्याहून अधिक तक्रारी घाणीच्या असतात असं माझं मत आहे. ती घाण तापमानानं झाकायला गेलं की आणखी घाण तयार होते. कशी, ते समजायला मशीनच्या आत काय चालतं हे आधी थोडक्यात पाहू.

ज्या बोर्डात ट्रान्सफॉर्मर, रिले, टर्मिनल ब्लॉक, मोठे कपॅसिटर असे भोकातून पाय खाली येणारे पार्ट असतात, तो बोर्ड कन्व्हेयरच्या दोन्ही बाजूंच्या बोटांत, म्हणजे फिंगरमध्ये, अडकून पुढे सरकतो. आधी खालून फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात त्या द्रवाचा, फवारा बसतो, मग प्रीहीटरवर बोर्ड तापतो आणि शेवटी वितळलेल्या सोल्डरच्या लाटेला खालून घासून जातो. लाटा बहुधा दोन असतात. पहिली उसळणारी, चिप वेव्ह. ती अडचणीच्या जागी सोल्डर पोचवते. दुसरी संथ आणि सपाट. ती जास्तीचं सोल्डर ओढून घेते. बोर्ड लाटेवर असतो फक्त दोन ते चार सेकंद. त्या दोन-चार सेकंदांसाठी खाली पॉटमध्ये शेकडो किलो धातू दिवसभर वितळलेला ठेवावा लागतो, आणि पंप तो सतत वर ढकलत असतो. घाणीचं मूळ इथेच आहे.

सोल्डर म्हणजे मुख्यतः कथील. जुन्या ६३/३७ मिश्रणात ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं. ते १८३ अंशांना वितळतं. शिसेमुक्त एसएसी ३०५ मध्ये ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं. ते २१७ ते २२० अंशांच्या दरम्यान वितळतं. वितळलेलं कथील हवेला लागलं की त्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो, दुधावर साय धरावी तसा. पॉट शांत असेल तर तो पापुद्रा खालच्या धातूचं रक्षणच करतो. पण लाट चालू असताना तो सतत फाटतो, आत गुंडाळला जातो आणि गुंडाळताना चांगलं सोल्डरही पोटात घेतो. हाच ड्रॉस. वरून राखेसारखा दिसला तरी वजनानं त्यात बराचसा धातू चांगलाच असतो, बऱ्याचदा ८०-९० टक्के. ड्रॉस फेकणं म्हणजे पैसे फेकणं असं खरेदीवाले म्हणतात, त्यात अतिशयोक्ती नाही.

ड्रॉस वाढवणाऱ्या गोष्टी तीन : जास्त तापमान, जास्त खळबळ आणि जास्त उंचीवरून पडणारं सोल्डर. तिसरी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पॉटची पातळी खाली गेली की लाटेवरून परत पडणारं सोल्डर आधीपेक्षा जास्त अंतर पडतं, पडताना हवा आत ओढून नेतं, आणि वर तरंगणारा ड्रॉसही पंपाच्या तोंडाजवळ येतो. पंप तो ओढतो, लाटेतून रवाळ कण बाहेर येतात आणि पायांमध्ये अडकतात. दिसायला तो शॉर्टच. त्यामुळे शॉर्ट वाढले की कंट्रोलरकडे हात नेण्याआधी पातळी बघावी. पातळी भरायला सोल्डरचे बार (पट्ट्या) टाकतात, ते एकदम पाच-सहा टाकू नयेत, पॉट थंड होतो. एकेक, थोड्या-थोड्या वेळानं, आणि आधी पॉटच्या काठावर ठेवून कोरडा करून. कोरडा का, ते पुढे सांगतो.

ड्रॉस काढायचा किती वेळा? इथे उत्साही माणूस नुकसान करतो. दर अर्ध्या तासाला पॉट चकचकीत करणारे ऑपरेटर मी पाहिले आहेत. दिसायला छान, पण दर वेळी ताजा धातू उघडा पडतो आणि तेवढाच ड्रॉस पुन्हा तयार होतो. साधारण शिफ्टला एक-दोनदा पुरतं. लाट बंद करून, भोकाच्या पळीनं, ढिगारा पॉटच्या भिंतीशी हलके दाबत काढला की पोटातलं चांगलं सोल्डर निथळून परत जातं. पंपाच्या दांड्याभोवती काळी भुकटी जमते, ती मात्र आठवणीनं काढावी. ती जवळजवळ निव्वळ ऑक्साइड असते आणि दांड्याला घासते. जेवणाच्या सुट्टीत, चहाला, बोर्ड नसताना लाट चालू ठेवायची नाही. नायट्रोजनचं आवरण घेतलं तर ड्रॉस खूपच कमी होतो, पण लहान युनिटला तो खर्च परवडतोच असं नाही. लाट बंद करायला मात्र काहीच लागत नाही.

आता तांब्याकडे येऊ. प्रत्येक बोर्ड लाटेवरून जाताना पॅडमधलं (बोर्डावरच्या तांब्याच्या टिकलीतलं) आणि पार्टच्या पायांमधलं थोडं तांबं पॉटमध्ये सोडून जातो. वितळलेलं कथील तांबं विरघळवतं, आणि तापमान जितकं जास्त तितकं भराभर. म्हणजे शॉर्ट घालवायला वाढवलेले पाच-दहा अंश पॉटमध्ये तांबंही वाढवतात. प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की तांबं आणि कथील मिळून बारीक सुया बनतात. सोल्डर जाड होतं, नीट वाहत नाही, सांधे खरखरीत दिसतात आणि शॉर्ट वाढतात. शिशाच्या पॉटमध्ये ही मर्यादा ०.३ टक्क्यांच्या आसपास धरतात. एसएसी ३०५ मध्ये सुरुवातच अर्ध्या टक्क्यानं होते, ०.९ ते १ टक्क्याकडे गेलं की पॉट बोलायला लागतो.

इथेच शिशाचा पॉट आणि शिसेमुक्त पॉट यांचा स्वभाव वेगळा आहे, आणि जुन्या सवयीचे मेकॅनिक इथे फसतात. तांबं-कथिलाच्या सुयांची घनता घन सेंटिमीटरला सुमारे ८.३ ग्रॅम. शिशाचं सोल्डर याहून थोडं जड, त्यामुळे सुया वर तरंगतात. म्हणून जुनी युक्ती चालते : सुट्टीच्या आदल्या रात्री पॉट १९० अंशांच्या आसपास उतरवायचा, पंप बंद ठेवायचा, सकाळी वर आलेली रवाळ तरंगणी पळीनं काढून टाकायची. शिसेमुक्त सोल्डर मात्र हलकं, सुमारे ७.४. त्यात सुया खाली बसतात; पॉटच्या तळाशी, पंपाच्या पंख्याजवळ, पंपाकडून सोल्डर वर नेणाऱ्या नळाच्या वाकणात. वरून किती जरी पळी फिरवली तरी हाती काही लागत नाही. तिथे उपाय एकच, थोडं सोल्डर काढून तांबं नसलेला बार भरायचा. समजा पॉट २०० किलोचा आहे आणि तांबं १ टक्का, म्हणजे २ किलो. ५० किलो सोल्डर काढलं तर अर्धा किलो तांबं गेलं. जागी कथील-चांदीचा, तांबं नसलेला बार भरला की दीड किलो उरलं, म्हणजे ०.७५ टक्के. रोजच्या भरण्यालाही हाच बार वापरला तर ही वेळ लवकर येत नाही. काढलेलं सोल्डर वाया जात नाही, ते परत विकता येतं.

हे आकडे अंदाजानं काढायचे नसतात. लाट दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून, धातू नीट ढवळला गेल्यावर, मधून नमुना घ्यायचा आणि तपासायला पाठवायचा. सोल्डर पुरवणारे बरेच जण ही तपासणी करून देतात. नवीन पॉट असेल तर पहिले काही महिने दर महिन्याला, मग किती बोर्ड चालतात त्यावर.

एक गोष्ट दारावर लिहून ठेवावी इतकी महत्त्वाची आहे. शिशाचे आणि शिसेमुक्त बार एकाच कपाटात ठेवू नका. युरोपात १ जुलै २००६ पासून लागू झालेल्या नियमात शिशाची मर्यादा ०.१ टक्का आहे, आणि निर्यातीचा किंवा मोठ्या कंपनीचा माल करणाऱ्याला ती पाळावीच लागते. २०० किलोच्या पॉटमध्ये ०.१ टक्का म्हणजे २०० ग्रॅम. ६३/३७ च्या एक किलोच्या एकाच बारमध्ये शिसं असतं ३७० ग्रॅम. रात्रपाळीत चुकून पडलेला एक बार अख्खा पॉट बाद करतो. बारचा रंग सारखा, आकार सारखा. टोकाला वेगळा रंग लावणं हा स्वस्त उपाय आहे.

शिसेमुक्त सोल्डरचा आणखी एक उपद्रव म्हणजे ते साधं स्टेनलेस स्टील खातं. म्हणून असे पॉट आणि नोझल (लाट जिथून वर येते ते तोंड) टायटॅनियमचे, बिडाचे किंवा लेप दिलेल्या स्टीलचे असतात. त्या लेपावर कुणी स्क्रूड्रायव्हरनं किंवा तारेच्या ब्रशनं घासलं की तिथून लोखंड विरघळायला सुरुवात होते. लोखंड आणि कथिलाच्या सुया टणक असतात, पॉटच्या तापमानाला वितळत नाहीत, आणि लाटेतून येऊन दोन पायांमध्ये आडव्या बसतात. म्हणजे साफ करण्याच्या नादात घासलेला लेप पुढे कायमची घाण तयार करत राहतो. लाकडी किंवा मऊ अवजार वापरा, नाहीतर राहू द्या.

नोझल साफ आहे की नाही, हे बोर्डच सांगतो. चिप वेव्हची पट्टी बारीक भोकांच्या ओळींची असते. त्यातली काही भोकं बुजली की त्या रेषेत सोल्डर कमी पोचतं. सुटलेले पॉइंट दहा बोर्डांवर ओळीनं बघा. बोर्डाच्या कडेपासून ठरावीक अंतरावर, प्रवासाच्या दिशेत एकाच पट्टीत सुटत असतील, तर समजा त्या जागी नोझल बुजलं आहे. फ्लक्सचा फवारा तिथे कमी पडत असण्याचीही शक्यता आहे. सगळीकडे विखुरले असतील तर कारण वेगळं. या एका निरीक्षणानं कितीतरी वेळ वाचतो आणि कुणी तापमानाला हात लावत नाही.

दुसरी चाचणी काचेची. उष्णता सोसणारी, रेघा आखलेली काचेची प्लेट बोर्डासारखी फिंगरमध्ये घालून लाटेवर न्यायची. वरून बघितलं की सोल्डर काचेला टेकतं तो पट्टा स्पष्ट दिसतो. पट्ट्याच्या दोन्ही कडा समांतर हव्यात. एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळता असेल तर नोझलमध्ये एका बाजूला ड्रॉस साचलाय, किंवा कन्व्हेयर तिरका झालाय. पट्ट्याची रुंदी ५ सेंटिमीटर आणि कन्व्हेयरचा वेग मिनिटाला १.२ मीटर, म्हणजे सेकंदाला २ सेंटिमीटर, तर बोर्ड लाटेवर अडीच सेकंद असतो. हा आकडा रोज सकाळी रजिस्टरला लिहिला तर लाट केव्हा खचायला लागली ते आपोआप कळतं. पंपाचे फेरे तेवढेच असताना पट्टा अरुंद होत चालला, तर पंपाचा पंखा किंवा नळ भरत आलाय.

आता फ्लक्सकडे. सोलापूरकरांना इथे एक खास शेजारी आहे : टॉवेल आणि चादरीचे लूम. दोन-चार गाळे सोडून लूम चालू असतील तर कापसाचे बारीक तंतू हवेत असतातच. ते कंट्रोल पॅनेलच्या पंख्याची जाळी बुजवतात आणि फ्लक्सच्या चिकट जागांवर बसतात. स्प्रे नोझलच्या टोकावर फ्लक्सचा थेंब सुकतो, त्यात तंतू अडकतो आणि फवारा एका बाजूला झुकतो. डोळ्यांना फवारा चालू दिसतो, पण बोर्डाच्या एका पट्टीला फ्लक्सच मिळत नाही. तपासायची सोपी रीत : दुकानात बिल छापायचा थर्मल कागद बोर्डाखाली लावून फ्लक्सवरून न्यायचा, लाट आणि प्रीहीट बंद ठेवून. अल्कोहोलचा फ्लक्स लागला की कागद काळा पडतो. जिथे पांढरा राहिला तिथे फवारा पोचलेला नाही. तोच कागद रिकाम्या बोर्डाच्या वरच्या बाजूला लावला तर भोकांतून फ्लक्स वर येतोय का, तेही दिसतं. पाण्याच्या फ्लक्सला ही युक्ती चालत नाही. शिफ्ट संपताना नोझल योग्य द्रावकानं धुवून ठेवावं. फेसाचा फ्लक्सर असेल तर त्याचा सच्छिद्र दगड सुकू द्यायचा नाही. एकदा सुकून बुजला की तो बदलावाच लागतो. कॉम्प्रेसरच्या हवेतलं तेल आणि पावसाळ्यातलं पाणीही इथेच त्रास देतं, तेव्हा फिल्टरमध्ये साचलेलं पाणी-तेल रोज सोडायचं.

फ्लक्सजवळ आगीचा विषय टाळून चालणार नाही. बऱ्याच फ्लक्समध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं. त्याची वाफ १२ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते. मे महिन्यात शेडमध्ये काय तापमान असतं ते सांगायला नको. धुराड्यात आणि हुडमध्ये फ्लक्सचा चिकट थर साचतो, तो ठिबकून बोर्डावर पडतो ते वेगळंच, पण तो जळतोही. प्रीहीटरवर पडलेला फ्लक्स करपून काळा होतो आणि उष्णता अडवतो. हे सगळं पुसायचं ते मशीन पूर्ण थंड आणि मेन बंद असताना. गरम प्रीहीटरवर अल्कोहोलचा फडका फिरवणं म्हणजे आगीला बोलावणं.

फिंगर बिचाऱ्या दुर्लक्षित असतात. प्रत्येक फेरीला त्यांना फ्लक्स आणि सोल्डर दोन्ही लागतं. साचलेला थर पुढच्या बोर्डाच्या कडेला चिकटतो, बोर्ड तिरका बसतो आणि कधी लाटेतच पडतो. बऱ्याच मशीनला फिंगर धुवायची ब्रशची टाकी असते. तिच्यात बोअरचं पाणी भरू नका. आपल्याकडचं जड पाणी ब्रशवर आणि फिंगरवर पांढरा क्षार सोडून जातं, मग तो क्षार काढायचं नवं काम. आरओचं पाणी आणि फ्लक्स धुण्याचं द्रावण वापरा. पाणी आधीच रोज येत नाही, तेव्हा टाकीचं पाणी बदलायला टाळाटाळ होते हे मान्य. पण काळं पाणी फिंगर धुत नाही, माखतं. साखळीला उष्णता सोसणारं तेल अगदी थोडं. जास्त झालं तर थेंब पॉटमध्ये पडतो.

वीज गेली की काय करायचं? थोड्या वेळात पॉट गोठत नाही, पण लांबलं तर आधी नळ आणि पंपाभोवतीचं सोल्डर घट्ट होतं. वीज आल्यावर डिस्प्लेवर सेटचं तापमान दिसलं म्हणून लगेच पंप चालू करायचा नाही. तापमापक असतो एका जागी, पंपाभोवतीचं सोल्डर अजून घट्ट असू शकतं. पंखा तुटतो, दांडा वाकतो. पूर्ण वितळेपर्यंत थांबायचं. अख्खा पॉट गोठला असेल तर गरम होताना झाकण लावून लांब राहायचं. खालचा धातू आधी वितळतो आणि फुगतो, वरची पपडी तशीच असते, आणि मग कुठूनतरी पिचकारी उडते.

मघाशी बार कोरडा का ते सांगायचं राहिलं. वितळलेल्या सोल्डरखाली पाण्याचा थेंब गेला तर त्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा लागते. सोल्डर उसळून अंगावर येतं. म्हणून ओली पळी, दमट बार, पॉटशेजारी पाण्याची बाटली, काहीही चालत नाही. उकाड्यात ऑपरेटर ओला रुमाल गळ्याला बांधतात. तो रुमाल पॉटवर वाकताना काढून ठेवायला लावा. ड्रॉस काढताना चेहऱ्याची ढाल, उष्णतेचे हातमोजे, पूर्ण बाह्या.

शिशाबद्दल उलटसुलट समज आहेत. पॉटच्या २५० अंशांना शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. नाकाला जो धूर झोंबतो तो फ्लक्सचा, आणि त्यानंही दम्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून एक्झॉस्ट हवाच. शिसं शरीरात जातं ते ड्रॉसच्या भुकटीतून आणि हातातून. ड्रॉसचा डबा ढवळला की भुकटी उडते, तेव्हा नुसता रुमाल पुरत नाही, धुळीचा चांगला मास्क लागतो. त्याच हातानं तळव्यावर मावा मळून गालात धरला की शिसं थेट पोटात. इथल्या कारखान्यांत हे रोज घडतं आणि त्यावर कुणी बोलत नाही. पॉटवरून उठल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय काहीही तोंडात जाता कामा नये. झाडू मारून भुकटी उडवण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसावं, अर्थात पॉटपासून लांब.

पूर्ण पॉट रिकामा करून पंप, पंखा, नळ बाहेर काढायचं मोठं काम वर्षातून एक-दोनदा. आपल्याकडे ते संक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, सुट्टीला किंवा दिवाळीत बसवता येतं. सोल्डर गरम असतानाच साच्यांत काढायचं, साच्यांवर मिश्रणाचं नाव आणि तारीख टाकायची, शिसेमुक्त पॉट असेल तर तळाशी बसलेला गाळ वेगळा ठेवायचा. तो पॉटमध्ये परत टाकला तर सगळी मेहनत वाया. बेअरिंग, बेल्ट आणि पंख्याच्या पात्यांची झीज त्याच वेळी बघून घ्यायची.

ड्रॉस झाकणाच्या कोरड्या डब्यात, मिश्रणाप्रमाणे वेगवेगळा साठवायचा. शिशाचा ड्रॉस २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येतो, तो भंगारवाल्याला द्यायचा नसतो. परवाना असलेल्या पुनर्प्रक्रियावाल्याकडेच जायला हवा, कागदासकट. डबा देण्याआधी वजन करा, आणि त्याच काळात किती किलो बार भरले ते शेजारी लिहा. बार तेवढेच, बोर्ड तेवढेच आणि ड्रॉस मात्र वाढलेला दिसला, तर कुठल्यातरी पाळीत रिकामी लाट चालू राहते आहे किंवा कुणीतरी तापमान गुपचूप पाचनं वाढवलेलं आहे. कोणत्या पाळीत, ते शोधायला वजन पाळीप्रमाणे वेगळं लिहावं लागतं.